आईची आखाजी आणि पुढची चाकं



कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा रस्ता आपल्या खान्देशी घरांना पाठ असतो. गेल्या आखाजीला मात्र आमची आई गावी आली नाही. मागच्या सीटवर तिला गाडी लागते आणि आमच्या जुन्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर चढायला गुडघे तयार नव्हते. "तुम्ही जा रे," म्हणाली.

म्हणून यंदा पुतण्याने विचारलं, "काका, व्हॅन कोणती घेऊ?" मी म्हटलं, आधी इंजिन कोणती चाकं फिरवतं ते बघ.

१९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनची म्हणजे ओम्नीची ताकद मागच्या चाकांना जायची, ईकोचंही तसंच. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट उंच आणि उन्हाळ्यात खालून धग. अर्टिगा, ट्रायबर किंवा २०२२ ची इनोव्हा हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन बॉनेटमध्ये असतं. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट नसल्याने फरशी खाली ठेवता येते, आत जागाही मिळते. पावसाळ्यात रिकामी गाडी चिखलात उभी असली, तरी इंजिनाचं वजन फिरणाऱ्या चाकांवरच असतं, म्हणून पकड चांगली मिळते.

पण एक बाजू सांगून चालणार नाही. गाडी मागे ठासून भरली आणि कोंडाईबारीसारखा घाट लागला, की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. रोज कापडाचे तागे वाहायचे असतील, तर मागच्या चाकांची गाडीच बरी. शिवाय पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात. वेळेवर पुढचे-मागचे बदलून घ्यावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून कट-कट आवाज आला, तर गॅरेजवाल्याला चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचं रबर फाटलंय का ते बघायला सांगा.

पुतण्याचा माल महिन्यातून दोनदाच जातो. त्यासाठी भाड्याचा टेम्पो पुरतो. घरची माणसं मात्र रोज बसतात. हिशोब तिथेच संपला.

मुलांनो, गाडी बघायला जाताना मायलेज जरूर विचारा. पण घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला सोबत न्या. आमची आई शोरूममध्ये कुणाचा हात न धरता पुढच्या सीटवर बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "आता आखाजी कधी आहे ते बघ."