नकाशा आणि वहिवाट

बँकेतील उलाढाल, रेल्वेचे आरक्षण, सातबाऱ्याचा उतारा इत्यादी नित्याचे व्यवहार आज ज्या संगणकप्रणालींवर अवलंबून आहेत, त्यांच्या अंतर्रचनेची साक्ष म्हणून चौकोनांच्या आणि बाणांच्या आकृत्या सादर करण्याचा परिपाठ आता इतका रूढ झाला आहे की, अशी आकृती पाहणाऱ्याला खरोखर काही उमगते किंवा नाही, असे विचारणे हाच जणू औचित्यभंग ठरावा. आकृती देखणी असली की सभेत माना डोलतात आणि मसुदा मंजूर होतो. माझे प्रतिपादन असे की, सॉफ्टवेअरची संरचना दाखविणाऱ्या कोणत्याही चित्रपद्धतीचे मोल तिच्या आधाराने मिळालेल्या उत्तरांच्या अचूकपणावरून ठरावे, आणि ज्या आकृतीची अशी परीक्षा झालेली नाही, तिला दस्तऐवजाचा दर्जा देऊ नये.

पूल किंवा इमारत मुळातच अवकाशात उभी असते, म्हणून तिचा आराखडा कागदावर सहज उतरतो. सॉफ्टवेअरला असे अंगभूत आकारमान नाही. त्याचे चित्र काढू गेल्यास आज्ञाक्रमाचे, माहितीच्या प्रवाहाचे, परस्परावलंबनाचे अशी एकमेकांवर पसरलेली अनेक जाळी तेवढी हाती लागतात, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात दाखवून दिले. याच अडचणीवर तोडगा म्हणून फिलिप क्रुश्टेन यांनी १९९५ मध्ये एकाच प्रणालीची चार निरनिराळी दर्शने घेऊन निवडक प्रसंगांच्या पाचव्या दर्शनाने त्यांचा मेळ घालण्याची रीत मांडली. प्रत्येक आकृती काही दाखविते आणि पुष्कळ झाकते. काय झाकले गेले, याचा हिशेब मागणे मग क्रमप्राप्तच ठरते.

हा हिशेब मागितला गेला तेव्हा जे निष्पन्न झाले, ते उद्बोधक आहे. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्ये पुरस्कारलेले प्रवाहचित्र, म्हणजेच फ्लोचार्ट, पुढील तीन दशके प्रमाण मानले गेले. परंतु १९७७ साली बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा तपशीलवार फ्लोचार्टमुळे आज्ञावली लिहिण्यात, समजण्यात वा दुरुस्त करण्यात दखलपात्र लाभ आढळला नाही. त्यानंतर १९८९ मध्ये डेव्हिड स्कॅनलन यांनी, गुंतागुंतीच्या अटींचा उलगडा करताना शब्दांत लिहिलेल्या कृतिक्रमापेक्षा सुरचित फ्लोचार्ट सरस ठरतो, असा उलट निष्कर्ष काढला. दोन्ही निकाल प्रामाणिक मानावयाचे, तर त्यांतून निघणारा बोध हाच की, कोणतेही चित्र सर्वथा चांगले वा वाईट नसते. कोणत्या वाचकाने कोणत्या कामासाठी ते पाहिले, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते.

अलीकडचे उदाहरण ‘कोडसिटी’चे आहे. आज्ञावलीतील प्रत्येक ‘क्लास’ ही एक इमारत, तीत जितक्या कृती तितकी तिची उंची, आणि असे क्लास एकत्र बांधणारे ‘पॅकेज’ म्हणजे त्या नगराचा एक पेठविभाग, अशी ही त्रिमितीय योजना रिकार्ड वेट्टेल आणि मिकेले लान्झा यांनी सिद्ध केली, आणि कौतुकाची गोष्ट ही की, ती केवळ मिरविण्यावर न थांबता त्यांनी तिची कसोटीही घेतली. २०११ च्या प्रयोगात, नेहमीची साधने वापरणाऱ्यांच्या तुलनेत या नगराच्या आधारे काम करणाऱ्यांची उत्तरे २४ टक्क्यांनी अधिक बरोबर आली आणि वेळ १२ टक्क्यांनी कमी लागला. परीक्षक हेच निर्मातेही होते, असा आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. तथापि पुष्कळांनी एवढेही केलेले नाही. या क्षेत्रातील १८१ शोधनिबंधांची छाननी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, सुचविलेल्या पद्धतींपैकी ६२ टक्के पद्धतींचे मूल्यमापन मुळीच झाले नव्हते किंवा फारच लेचेपेचे होते.

यावर व्यवसायातील मंडळी म्हणतील की, फळ्यावरची रेखाटने संभाषणापुरती असतात, त्यांना परीक्षेचा जाच कशाला? हे म्हणणे मला मान्य आहे. मॅरियन पेट्र यांनी पन्नास व्यावसायिकांच्या मुलाखतींवर आधारलेले जे संशोधन २०१३ मध्ये मांडले, त्यात पस्तीस जणांनी यूएमएल ही प्रमाणित चित्रभाषा आपण मुळीच वापरीत नसल्याचे सांगितले होते. जे पुसले जाणार आहे, त्याची झडती नको. परंतु जे करारनाम्याला जोडले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे दप्तरात राहते, त्याला ही सवलत देता येणार नाही.

कारण येथे धोका वेगळाच संभवतो. गटाचा नकाशा एक सांगतो आणि बांधावरची वहिवाट दुसरेच, ही स्थिती जशी मोजणीखेरीज उघडकीस येत नाही, तशीच आकृती आणि प्रत्यक्ष आज्ञावली यांच्यातील तफावतही डोळ्यांना दिसत नाही. गेल मर्फी, डेव्हिड नॉटकिन आणि केव्हिन सलिव्हन यांनी १९९५ मध्ये त्यावर उपाय सांगितला: रचनाकाराने आपल्या समजुतीचे चित्र काढावे, यंत्राने आज्ञावलीतून खरे संबंध काढावेत, आणि कोणते संबंध जुळले, कोणते केवळ आज्ञावलीत आहेत, कोणते केवळ चित्रात, याची यादी समोर ठेवावी. दहा लाखांहून अधिक ओळींच्या ‘एक्सेल’च्या आज्ञावलीवरही मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याने ही रीत उपयोगात आणली.

तेव्हा सार्वजनिक पैशातून उभारल्या जाणाऱ्या प्रणालींच्या निविदांत एक कलम अवश्य असावे. आकृती कोणत्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी काढली, ते प्रश्न तिच्यासोबत लेखी द्यावेत. प्रणालीच्या उभारणीत सहभागी नसलेल्या जाणकाराकडून त्यांची उत्तरे घेऊन ती पडताळावीत. आणि प्रत्येक मोठ्या फेरबदलानंतर आकृतीची आज्ञावलीशी जुळणी करून तफावतीची नोंद करावी. यास थोडा खर्च येईल, मुदतही लांबेल. परंतु पहिला ठेकेदार निघून गेल्यावर जी माणसे ती प्रणाली चालविणार आहेत, त्यांच्या हाती खोटा नकाशा सोपविण्याचा खर्च याहून किती तरी अधिक असतो आणि तो अखेरीस करदात्याच्याच माथी येतो.