‘तुम्ही पाहून या, मी गाडीतच बसते’

कौटुंबिक प्रवासात हे वाक्य हमखास कानी पडते. घरातील ज्येष्ठ ते इतक्या सहजपणे उच्चारतात की इतरांना ते खरेच वाटते. प्रत्यक्षात त्यामागे दुखरे गुडघे असतात, पायऱ्यांची धास्ती असते, आणि स्वच्छतागृह मिळेल की नाही ही न बोललेली काळजी असते. मग तुळजापूर, नळदुर्ग, तेर, परंडा असा अवघा धाराशिव जिल्हा एका दिवसात ‘उरकला’ जातो आणि आजींच्या वाट्याला तेवढी गाडीची काच येते.

यंदा सहलीला निघणार असाल, तर आपली यादी आधी निम्मी करा. तुळजाभवानीचे दर्शन सकाळीच घ्यावे. मंदिर खोलगट जागी असल्याने पायऱ्या उतराव्या आणि पुन्हा चढाव्या लागतात. ज्येष्ठांची त्या दिवसाची बरीचशी शक्ती तेथेच खर्ची पडते, हे गृहीत धरा. त्यानंतर एकच ठिकाण निवडा आणि तेथे दोन तास द्या.

ते ठिकाण नळदुर्ग असू शकते. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास. पावसाळ्यात बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन प्रपात कोसळतात. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. हिवाळ्यातील संथ पाणी पाहायला मात्र फारसे कोणी थांबत नाही, आणि विश्रांतीसाठी तर तेच अधिक उपयोगाचे! किल्ला सगळा फिरण्याचा आग्रह नको. डिकीत एक घडीची खुर्ची ठेवावी. जेथून पाणी दिसते आणि सावली असते, अशा जागी ती टाकावी. येडशीजवळच्या रामलिंगच्या अभयारण्यातही असेच करता येईल. फक्त तेथील माकडांपुढे खाण्याची पिशवी उघडू नये.

बसून करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षे घड्याळाकडे पाहून गोळ्या देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही स्वस्थ बसणे आपोआप जमत नाही. आरंभी पाच मिनिटे श्वास नेहमीसारखा आत घ्यावा आणि जरा अधिक सावकाश सोडावा. पुढे डोळे मिटून ऐकू येणारे आवाज ओळखावेत. यानंतर ज्येष्ठांना बोलते करावे, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. बालाघाटाचा माळ कोकणासारखा हिरवागार नाही. अनोळखी डोळ्यांना तो ओसाडच भासेल. परंतु ज्यांचे बालपण या भागात गेले, त्यांना बोर, बाभूळ, हिवर, पळस दुरूनही ओळखता येतात. वाटेत शाळूचे शेत लागले की गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवा आणि आजोबांना विचारा: पाखरे कशी राखत, मचाण कसे बांधत, गोफणीचा दगड कोठवर जाई? गाडीत पेंगणारा माणूस अशा प्रश्नाने ताठ बसतो, असा माझा अनुभव आहे. त्या घटकेपुरता तो ‘सांभाळण्याचा’ विषय राहत नाही.

झाडांकडे पाहण्याने काय साधते, याचा एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून निसर्गाला औषध ठरवू नये. गोळ्या वेळेवरच घ्याव्यात.

प्रवासात पाणी कमी पिण्याची सवय मात्र घातक आहे. लघवीला थांबावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. मग चक्कर येते, मलावरोध होतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावी. ती परस्पर टाळू नये. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी. बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहावीत, म्हणजे पोटऱ्यांतील रक्त साकळत नाही. एकाच पायाला सूज व वेदना आल्यास, किंवा अचानक दम लागल्यास, विलंब न करता रुग्णालय गाठावे. उतरताना आधी पाय बाहेर काढून मिनिटभर बसावे, नंतर उभे राहावे.

शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला यात विश्रांती कधी? तिचीही पाळी ठरवा. दोन तासांपैकी एक तास औषधांची पिशवी, पाण्याची बाटली आणि आजींचा हात दुसऱ्या कोणीतरी सांभाळावा. तिने हवे तर पाण्याकाठी एकटीने बसावे, हवे तर झोपावे. कोणी काय सांभाळायचे, हे घरून निघण्यापूर्वीच नावानिशी ठरलेले असावे. जागेवर पोहोचल्यावर विचारले, तर ती ‘राहू द्या, मी बघते’ असेच म्हणणार.