‘ख्रिस्तार्पण’ आणि घरखर्च

सर्व काही ख्रिस्तासाठी, स्वतःसाठी काहीच नाही, ही भूमिका उच्चारायला जितकी सोपी तितकीच तपासायला अवघड आहे. मराठी मनाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. ‘कृष्णार्पणमस्तु’ म्हणून पाणी सोडण्याची रीत आपल्याकडे जुनीच. शिवाय सोलापूरकरांना बाराव्या शतकातील शरणांचा ‘दासोह’ ठाऊक असतो. कमावलेले आपले नव्हे, शिवाचे. म्हणून ते समाजाकडे परत जायचे, ही त्यामागची धारणा. सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेला तलाव आजही शहरात आहे. दुसरीकडे जुळे सोलापूरच्या वसाहतींतून ‘गुरुकृपा’, ‘प्रभुकृपा’ अशा पाट्या दिसतात आणि त्यांच्याखाली मालकाचे नाव, पदवी नि कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना! अर्पणाची भाषा आणि मालकीची भावना अशी एकाच भिंतीवर सुखाने नांदते.

या प्रश्नाची सर्वांत कठोर तपासणी मराठीत कोणत्याही धर्मग्रंथाने केलेली नाही. ती एका आत्मचरित्राने केली आहे. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी, भाषेच्या सहजतेसाठी शिकवतो. ते योग्यच आहे; परंतु त्या विनोदाच्या मुळाशी एक गंभीर पेच आहे, त्याकडे दुर्लक्ष होते.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. हा त्याग खराच होता. तथापि हातातले देऊन मोकळे होण्याचा टिळकांचा स्वभाव धर्मांतरापूर्वीचाच होता, आणि संध्याकाळी चूल कशी पेटायची, ही चिंता तेव्हाही लक्ष्मीबाईंची होती. मग प्रश्न उरतो: देणाऱ्याने जे दिले ते नेमके कोणाचे होते? ‘माझे काहीच नाही’ म्हणणारा पुरुष पुष्कळदा ‘आपले’ देत असतो, आणि त्या ‘आपले’मध्ये सामील असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारलेले नसते. ख्रिस्तासाठी जगण्याचा निर्णय एकाचा, त्याची किंमत मात्र दोघांची.

लक्ष्मीबाईंनी याची तक्रार मांडली नाही, तशी आरतीही ओवाळली नाही. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांतील काही काळ आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात गेला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण सोवळे त्यापूर्वीच सुटले होते. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोवळे म्हणजे ‘माझे’पणाचे टोक: माझे पाणी, माझे भांडे, माझी शुद्धता. पैसा देऊन टाकणारा उदार म्हणून ओळखला जातो, त्याच्या ‘मी’ला निदान ते समाधान मिळते. भांड्याची सीमा पुसणाऱ्या बाईला तेही नाही; उलट स्वतःच्याच माणसांत ती परकी होते. माझ्या मते आत्मविसर्जनाची खरी कसोटी इथे आहे.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक अध्याय रचून ते पुरे केले. ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. दुसऱ्याने आरंभिलेले, दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे काम वर्षानुवर्षे वाहणे, आणि तयार ग्रंथ पाहायलाही न मिळणे, याहून ‘माझ्यासाठी नाही’ याचा वेगळा अर्थ कोणता?

यावर कोणी म्हणेल की हेही बायकोने नवऱ्यासाठी राबणेच झाले. आक्षेप रास्त आहे, आणि केवळ ‘ख्रिस्तायन’ हाती असते तर त्याला उत्तर नव्हते. उत्तर ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्यांतली बाई नवऱ्याला हसते, त्याच्याशी भांडते, स्वतःच्या भित्रेपणाचीही गंमत सांगते. जिला ठसठशीत ‘मी’ आहे तिनेच तो बाजूला ठेवला, म्हणून त्या अर्पणाला अर्थ आहे. ज्याच्याजवळ ‘मी’च उरू दिलेला नाही, त्याच्याकडून समर्पण मागणे हा केवळ जुलूम होय.

म्हणून अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ हसण्यापुरती आणि ‘ख्रिस्तायन’ ख्रिस्ती साहित्याच्या यादीपुरते, अशी वाटणी करू नये. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, आणि विद्यार्थ्यांना विचारावे: या घरात नेमके कोणी काय दिले, आणि कोणाला विचारून?