उशाशी बसणाऱ्यांचा रमजान

सहरीसाठी पहाटे घर जागे होते, तेव्हा त्या घरातली सून आधीपासूनच जागी असते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मग सहरीची भांडी, पोरांची शाळा, औषधांच्या वेळा, ओल्या चादरी. स्वतःचा रोजा असताना सासूला पेज भरवायची, आणि असरच्या नमाजनंतर इफ्तारची तयारी. संध्याकाळी नातेवाईक येतात. "बडी खिदमत करती है, जन्नत कमाई इसने," असे म्हणतात, सरबत घेतात आणि तरावीहची वेळ झाली म्हणून उठतात. त्यांचे पेलेही तीच विसळते.

असे घर कुठल्याही मोहल्ल्यात सापडेल. आळीत आणि पेठेतही सापडेल. तिथे सवाबऐवजी पुण्य म्हणतात, एवढाच फरक.

आजाऱ्याच्या बाबतीत इस्लामने पुष्कळ सवलत ठेवली आहे. आजारी माणसाने रोजा सोडावा, बरे झाल्यावर भरून काढावा. बरे होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजामागे एका गरजूला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. ज्याची बुद्धी शाबूत नाही त्याच्यावर तर रोजा फर्जच नाही. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा भर दुपारी जेवायला मागत असतील, तर त्यांना रोजाची आठवण करून देत बसण्याचे काही कारण नाही. वाढावे आणि मोकळे व्हावे. पण या सगळ्या चर्चेत उशाशी बसलेल्या माणसाचे नाव क्वचित येते.

खरे तर ते यायला हवे, आणि रमजानमध्येच यायला हवे. हिजरी सन 2 च्या रमजानमध्ये (इ.स. 624) बद्रची लढाई झाली. इस्लामच्या इतिहासातला हा निर्णायक दिवस. त्या वेळी हजरत उस्मान (र.) यांच्या पत्नी आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या (र.) मदिनेत गंभीर आजारी होत्या. पैगंबरांनी उस्मान यांना लढाईला नेले नाही, पत्नीच्या शुश्रूषेसाठी मागे ठेवले. रुकय्या त्या आजारातून उठल्या नाहीत. पण उस्मान यांची गणना बद्रला हजर असलेल्यांतच झाली आणि विजयानंतरच्या वाट्यात त्यांचाही हिस्सा धरला गेला. आजाऱ्यापाशी बसणे हे रणांगणाइतकेच काम ठरले. आणि ते काम एका पुरुषाने केले, हे प्रवचनांतून जरा जास्त वेळा सांगितले गेले तर बरे होईल.

आपल्याकडे मात्र हे काम परस्पर सुनेकडे, लेकीकडे किंवा बिनलग्नाच्या बहिणीकडे जाते. भाऊ दवाखान्याचे बिल भरतात आणि आपला वाटा संपला असे समजतात. तिने "दमले" म्हटले, की तिच्या नियतीवरच शंका घेतली जाते. आई-वडिलांना 'उफ्' देखील म्हणू नये अशी कुरआनची शिकवण आहे. ती आठही लेकरांना आहे, एकाच्या बायकोला नाही. आणि कोणावरही त्याच्या ताकदीपलीकडे भार टाकला जात नाही, हेही त्याच कुरआनात आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातून निदान एकजण तरी मशिदीत एतिकाफला बसतो, म्हणजे घरदार सोडून इबादतीत राहतो. एकजण बसला की साऱ्या मोहल्ल्याची जबाबदारी उतरते. मग रुग्णाच्या घरी आठवड्यातून दोन तास बसणारा एकजण मोहल्ल्याला का मिळू नये? केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात हे 1990 च्या दशकापासून घडले आहे. शेजारपाजारचे स्वयंसेवक, सर्व धर्मांचे, आठवड्यातले काही तास देतात. जखम धुणे, कूस बदलणे शिकून घेतात आणि परिचारिकांसोबत घरोघर जातात. त्याला मोठी इमारत लागली नाही.

आपल्याकडेही काही दारे उघडी आहेत, पण ती ठोठावण्याची लाज वाटते. पुण्यात वारजे येथे कर्करुग्णांसाठी 1997 पासून विनामूल्य उपशामक सेवा केंद्र आहे. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना सांभाळते. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. आणि रात्री दोन वाजता रडू कोसळले तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोलता येते. तिथे रुग्णानेच बोलायला हवे असे नाही, सेवा करणाऱ्यानेही फोन करावा. घर गरीब असेल तर त्याला जकात देता येते. त्या पैशातून महिन्यातले चार दिवस आया ठेवली, तर त्यात कमीपणा कसला? बैतुलमाल चालवणाऱ्यांनी यंदा रेशनच्या किटसोबत हा विचारही करून पाहावा.

आजाऱ्याच्या भेटीला, इयादतीला, मोठा सवाब आहे. पण भेटायला जाणाऱ्याने चहा पिण्यापेक्षा तो करून द्यावा. निदान येण्याआधी फोन करावा.

ईद जवळ येते आहे. त्या घरी शीरखुर्म्याचे डबे जातील, शेजारच्या हिंदू घरातूनही कोणीतरी भेटायला येईल. डबा ठेवून लगेच उठू नये. रुग्णाशेजारची खुर्ची घ्यावी, औषधाची वेळ विचारून घ्यावी, आणि तिला म्हणावे, "भाभी, तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दोन तास झोपा. मी आहे."