गाभोळीचा हंगाम

मृग नक्षत्र लागून एखादा जोरदार पाऊस झाला, आजूबाजूचे नाले गढूळ होऊन गिरणेत उतरले, की भडगावात एकच वार्ता पसरते: मासे चढू लागले! मग दुचाक्या नदीकडे वळतात. कोणाच्या हाती फेकजाळे, कोणाकडे जुनी मच्छरदाणी, तर काहींच्या हाती नुसती काठी. कारण पोटाच्या भाराने जड झालेल्या मासळीला गुडघाभर पाण्यात काठीही पुरते. ह्यालाच आपण ‘हंगाम सुरू झाला’ असे म्हणतो. आमच्या मते नेमका त्याच दिवशी तो बंद व्हावयास हवा.

वसईकडील वाचकांना ‘वलगणीचे मासे’ काय ते सांगावयास नको. कोकणात काय नि खानदेशात काय, प्रकार एकच. उन्हाळाभर डोहात दडलेला मासा नव्या पाण्याची चाहूल लागताच प्रवाहाच्या उलट निघतो, तो अंडी घालण्यासाठी. रोहू, कटला, मृगळ ह्यांना पुराच्या वाहत्या पाण्याखेरीज अंडी घालणे सुचत नाही. तळ्यातील माशांकडून ती घालवून घ्यावयाची, तर त्यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचावा लागतो. हिरालाल चौधरी ह्यांना ओडिशात १९५७ साली त्यात यश आले. निसर्ग जे एका पुराने साधतो त्यासाठी माणसाला सुई हाती घ्यावी लागली! किलोभर वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात आणि घातल्यानंतर एक दिवस-रात्र उलटण्याच्या आत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. तिला हवी असते ती थोड्या दिवसांची सवड. ती आपण देत नाही. तराजूत एक किलो भरते. लाखांचा हिशेब कोणी मांडीत नाही.

मरळीची गोष्ट तर ऐकवत नाही. पिल्लांच्या तांबूस थव्याखाली ती राखण करीत राहते, आणि गळवाला त्या थव्यावरूनच तिचा ठाव घेतो.

स्कॉटलंडातील टे नदीवर वसंतातील सॅल्मनचा हंगाम दर वर्षी १५ जानेवारीस थाटाने उघडतो. सॅल्मनही आपल्या माशांसारखाच अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतो. परंतु १ एप्रिलपूर्वी गळाला लागलेला सॅल्मन पुन्हा पाण्यात सोडलाच पाहिजे, असा तेथे २०१५ पासून कायदा आहे. तेथील माणसे आपल्याहून साधू आहेत असे मुळीच नाही. मासा आटत चालला तेव्हा त्यांना शहाणपण सुचले, इतकेच. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. अर्नाळ्याचा नाखवा नौका किनाऱ्याला ओढून जाळी विणीत बसतो, आणि त्याच दिवसांत आपण नदीवर तुटून पडतो!

‘वर गिरणा धरण, खाली जामद्याचा बंधारा, रात्रंदिवस वाळूचा उपसा, तेथे आमच्या चार माशांनी काय बिघडणार?’ हा युक्तिवाद आम्ही भडगावच्या पुलावर ऐकला आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. धरण १९६९ साली पूर्ण झाले. तेव्हापासून पावसाळ्याखेरीज ह्या पात्रात पाणी दिसते ते बहुधा आवर्तन सुटेल तेव्हा. वाळू गेली तशी डोहांची रयाही गेली. परंतु नदी अशी अर्धमेली असताना उरलेल्या माशाचे मोल वाढते की घटते?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गरिबाच्या तोंडचा घास फादर काढू पाहतात! आम्ही पाहिलेली झुंबड मात्र पगारदारांची होती, आणि तिच्यात आपल्याही ओळखीचे चेहरे होते. ज्या भोई आणि भिल्ल कुटुंबांची चूल ह्याच डोहांवर पेटते, त्यांना दिवाळीनंतर जाळ्यात काय गवसते, ते एकदा जाऊन विचारावे. बंदी करावयाची तर त्या काळात त्यांना मदत मिळालीच पाहिजे. उपदेशावर कोणाचे पोट भरत नाही.

येथे आमचाही कबुलीजबाब नोंदवून ठेवतो. गाभोळी हा आमच्या लहानपणापासूनचा आवडता घास. कित्येक पावसाळे ती आमच्या ताटात आली, आणि ती कोठून आली हे आम्ही विचारले नाही. पुढे विचारू लागलो तेव्हाही काही वर्षे उत्तर ऐकून खातच राहिलो.

आमची मागणी मोठी नाही. पहिल्या पुरापासून नारळी पौर्णिमेपर्यंत नदीची मासळी घरात घ्यावयाची नाही. चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये. कायदा होईल तेव्हा होवो. विष आणि सुरुंग टाकून मासे मारणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले, तरी ते थांबले नाही.

गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचा तरुण पहिल्या पुराची मासळी घेऊन आमच्या दारी आला. आम्ही नको म्हटले, कारणही सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, पिशवीचे तोंड बांधले आणि शेजारच्या घरी गेला. दुपारभर तिकडून तळणाचा वास येत होता.