खोकल्याचा ध्वनि आणि मुलाचा प्राण

मुलाचा खोकला मोबाइलला ऐकवावा आणि त्यानें रोगाचें नांव सांगावें, अशीं ॲपें हल्लीं निघालीं आहेत. जेथें डॉक्टर पोंचत नाहीं तेथें यंत्र पोंचेल, असें त्यांचे पुरस्कर्ते म्हणतात. हा युक्तिवाद दिघ्यासारख्या वस्तींत नेऊन तपासावा, असें आम्हांस वाटतें.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या उत्तर टोकास दिघा हें गांव आहे. कारखाने, रेल्वे, अवजड वाहनें आणि एकमेकांस खेटलेलीं घरें! ॲपास लागणारी निःशब्द खोली तेथें कोठून आणावी? 'रेसॲप' या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ॲपाला २०१७ सालीं अमेरिकेंतील बालरुग्णांच्या चांचणींत यश आलें नाहीं; ध्वनिमुद्रणांत मिसळलेले इतर आवाज हें एक कारण कंपनीनेंच दिलें. पुढें ऑस्ट्रेलियांत निष्कर्ष बरे आले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ते रुग्णालयांतले होते, चाळींतले नव्हेत.

गोंगाट हा तरी गौण दोष. खरा दोष असा कीं, आजार प्राणावर बेततो तेव्हां आवाजच मावळतो. दमा विकोपास गेला म्हणजे छातींतील घरघर ऐकूं येईनाशी होते. थकलेलें अर्भक खोकतहि नाहीं. ही शांतता ॲपानें आरोग्य मानली तर? आई मात्र 'पोट उडतंय' म्हणते, आणि शास्त्र तिच्याच बाजूस आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें खोकणाऱ्या मुलांतील न्यूमोनियाची खूण म्हणून श्वासाची गति धरली आहे: दोन महिन्यांच्या आंत मिनिटास ६०, वर्षाच्या आंत ५०, पांच वर्षांच्या आंत ४० किंवा अधिक. छाती आंत ओढली जाणें ही दुसरी खूण. दोन्ही डोळ्यांनीं पाहावयाच्या आहेत.

आम्हांस यंत्राचा विटाळ नाहीं. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं, ज्यांस अंक मोजतां येत नाहींत अशा दायांसाठीं, मणी आणि वाळूचें घड्याळ यांचें श्वासमापक बनविलें. पण १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत बालमृत्यु घटले ते, शिकविलेलीं माणसें गांवांत होतीं आणि त्यांच्या हातीं औषध होतें म्हणून. ॲप रोगाचें नांव सांगेल. प्राणवायु कोण देईल?

आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं किती जण धाप लागलेल्या आपल्या मुलाची रात्र ॲपाच्या हवालीं करतील? एकहि नाहीं. मग जें आपल्या मुलास अपुरें, तें दिघ्यांतील मजुराच्या मुलास पुरेसें कसें? तेथें हवी आहे श्वास मोजणारी आरोग्यसेविका, तिच्याजवळ ऑक्सिमीटर, आणि रात्रीं उघडें असणारें दवाखान्याचें दार. हीं तिन्ही सिद्ध झाल्यावर चौथें म्हणून ॲप खुशाल यावें. त्यांच्या जागीं मात्र येऊं नये.