शाळा घेतली, बाप्तिस्मा नाही

मध्यंतरी आमच्या वर्गात मिशनऱ्यांवरून वाद रंगला. एक म्हणाला, "ते सारे धर्म बुडवायला आले." दुसऱ्याने त्यांना थेट संतपदी बसवले. सिंथिया फॅरार हे नाव मात्र कुणीच घेतले नाही. मलाही ते वाचनालयात योगायोगानेच सापडले.

या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या. अविवाहित, एकट्या. मुलींच्या शाळा चालवणे हे त्यांचे काम. पुढे त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेल्या आणि १८६२ मध्ये वारल्या. ३४ वर्षे! मुलगी शिकली की विधवा होते, असे मानणाऱ्या लोकांकडून मुली शाळेत आणायच्या म्हणजे काय, याची मला थोडी कल्पना आहे. माझी आई आजही अंगठा उठवते. मी कॉलेजात नाव घातले तेव्हा शेजारणींनी तिला काय काय ऐकवले!

फॅरारबाईंना मुलींना ख्रिस्ताकडे न्यायचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांची शाळा पाहिली, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि ख्रिस्ती मात्र ते झाले नाहीत. हवे ते घेतले, नको ते ठेवले. मिशनऱ्यांनी सर्वांना भुलवले म्हणणारे शिकणाऱ्याला अक्कलच नसते असे धरून चालतात. मला ते मुळीच पटत नाही.

माझ्या वहीत जोतीरावांची शाळा आहे. तिची कल्पना त्यांना कुठे सुचली, ते मी परवा समासात लिहून घेतले.